देवखोलच्या पादुका

त्या पादुका सुलेखाने पुण्यात एका हस्तकला प्रदर्शनातून घेतल्या होत्या. शिसवी लाकडाच्या, अंगठ्याच्या जागी पितळेची खुंटी असलेल्या, वीतभर लांबीच्या. सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आत शिरल्या शिरल्या चपलांचं कपाट होतं. त्यावर शोभेचं काहीतरी हवं होतं, म्हणून घेतल्या, एवढंच. सात वर्षं त्या तिथे होत्या, घराच्या किल्ल्या आणि घडीच्या छत्र्यांच्या शेजारी. रविवारी ती कपाटावरून फडकं फिरवायची तेव्हा त्यांच्यावरूनही फिरायचं.

त्यांना गाव मिळालं ते निशिकांतमुळे. खरं तर निशिकांतला स्वतःलाच गाव नव्हतं. वडील रेल्वेत होते, दर तीन-चार वर्षांनी बदली. भुसावळ, दौंड, मनमाड अशा क्वार्टर्समध्ये तो वाढला. लग्न ठरवताना सुलेखाच्या वडिलांनी विचारलं होतं, "मूळ गाव कुठलं तुमचं?" तेव्हा त्याच्या आईवडिलांनी एकमेकांकडे बघून दोन वेगवेगळी उत्तरं दिली होती.

सिंगापूरला येऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. सुलेखा तांजोंग पगारला एका शिपिंग कंपनीत होती, निशिकांत बँकेत. मोठ्या ग्राहकांना भेटायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं, त्यांना धीर द्यायचा हे त्याचं काम, आणि त्यात तो फार चांगला होता. तो बावन्न वर्षांचा असताना बँकेने त्याचा सगळा विभाग दुसऱ्या देशात हलवला आणि तो घरी बसला.

पहिले काही महिने तो इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतींना जायचा. मग मुलाखती संपल्या. नंतर दाढी करणंही थांबलं. ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या खाली, मोकळ्या जागेतल्या दगडी बाकांवर म्हातारे चिनी लोक बुद्धिबळ खेळत बसतात, त्यांच्याजवळ तो जाऊन बसायचा. त्याला त्यांची भाषा कळत नव्हती आणि तो खेळही येत नव्हता. संध्याकाळी सुलेखा एमआरटीच्या, मेट्रोच्या स्टेशनवरून चालत येताना तिला तो लांबूनच दिसायचा. कधीकधी ती मुद्दाम मागच्या जिन्याने वर जायची, कारण आपण दिसलो की त्याला उठून हसावं लागेल, आणि ते हसणं तिला बघवत नसे.

नवव्या महिन्यात त्यांनी घरी सत्यनारायण केला. आसपासच्या ब्लॉकमधली पंचवीस-तीस मराठी माणसं आली. त्यांत समोरच्या ब्लॉकमधला सारंग होता. पुण्याचा, आयटीतला, पस्तिशीचा. त्याच्या नोकरीच्या पासचं नूतनीकरण दीड महिना अडकलं होतं. ते झालं नाही तर महिन्याभरात त्याला आणि त्याच्या बायकोला, कादंबरीला, बाडबिस्तरा गुंडाळून परत जावं लागणार होतं. तो जेवलाही धड नाही. निघताना बूट घालायला वाकला आणि त्याला पादुका दिसल्या.

"दादा, या कुठल्या?"

सुलेखा हातात ताटं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. निशिकांतने पादुकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या गावच्या. देवखोलच्या. तिथे एका महाराजांची समाधी आहे. समाधीवर ठेवून आणल्यात."

हा गंमत करतोय, आता हसेल, असं सुलेखाला वाटलं. पण सारंग एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत खाली वाकला आणि त्याने पादुकांना कपाळ टेकवलं. उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"माझं काम होईल का हो, दादा?"

निशिकांतने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होईल. गुरुवारच्या आत कळेल."

बुधवारी दुपारी सारंगला पासचं नूतनीकरण झाल्याचं पत्र आलं.

त्याआधी, पूजेच्याच संध्याकाळी भांडी आवरताना सुलेखाने विचारलं होतं, "असं का सांगितलंस त्याला?"

"नऊ महिन्यांत कुणी मला काही विचारलं नव्हतं," निशिकांत म्हणाला. "त्याने विचारलं, आणि तोंडातून गेलं."

गुरुवारी सारंग आणि कादंबरी पेढे घेऊन आले. पुढच्या गुरुवारी ते दोन कुटुंबं घेऊन आले. महिन्याभरात संध्याकाळी सात वाजता दाराबाहेर चपलांची रांग लागायला लागली. निशिकांत गुरुवारी सकाळी दाढी करून, आंघोळ करून, पांढरा सदरा घालू लागला. तो पुन्हा पोटभर जेवू लागला. झोपेत दात खायचा, ते थांबलं. त्याने दक्षिणेची पेटी कुणाला ठेवू दिली नाही, कुणाकडून काही घेतलं नाही. तो फक्त ऐकायचा, डोळे मिटून थोडा वेळ बसायचा, आणि मग दोन-तीन शब्द सांगायचा. थांबा. होईल. दक्षिणेकडून बातमी येईल. लोक रडायचे, हलके होऊन जायचे.

सुलेखा दर गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून शिरा करायची. रवा भाजताना ती स्वतःची समजूत घालायची की यात कुणाचं काय बिघडतंय. नवरा बाकावरून उठून घरात आला होता. त्याला परत खाली ढकलायला तिचा हात धजत नव्हता.

अश्लेषाने, त्यांच्या मुलीने, मात्र सुरुवातीलाच हात वर केले. ती तेवीस वर्षांची, इथेच शिकलेली. तोआ पायोहला मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली तेव्हा तिची खोली रिकामी झाली, आणि एका शनिवारी ती घरी आली तर तिच्या पलंगाच्या जागी चौरंग, त्यावर रेशमी वस्त्र, त्यावर पादुका.

"आई, धिस इज द शू कॅबिनेट वन," ती म्हणाली. "यू बॉट इट इन पुणे. आय वॉज देअर, लाह."

"हळू बोल."

"व्हाय हळू? ही इज लायिंग टु एव्हरीवन. आणि तू शिरा करतेस."

त्यानंतर ती घरी यायची बंद झाली. सुलेखा शनिवारी तोआ पायोहला जाऊन तिला भेटायची. दोघी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत जेवायच्या. अश्लेषा प्रत्येक वेळी विचारायची, सांगितलंस का लोकांना? आणि म्हणायची, सांग आणि माझ्याकडे ये राहायला, लिव्हिंग रूममध्ये सोफा बेड आहे. सुलेखा म्हणायची, बघू.

दीड वर्ष असं गेलं. मग प्रबोधचं प्रकरण झालं.

प्रबोध बँकेत होता, निशिकांतचा जुना सहकारी. इथलं नागरिकत्व घेतलेला, सरळ बोलणारा माणूस. एका गुरुवारी आरती झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "निशिकांत, हे देवखोल नक्की कुठे रे? मी नकाशावर शोधलं. सापडत नाही."

सगळ्यांनी निशिकांतकडे पाहिलं. सुलेखा दाराशी होती. तिला वाटलं, संपलं. आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये, सुटल्यासारखं वाटतंय.

निशिकांतने डोळे उघडले. चिडला नाही. प्रेमाने म्हणाला, "नकाशावर शोधायची वेळ माणसावर का येते, प्रबोध? घरात काही अस्वस्थता आहे का?"

एवढंच. पण लोकांना तेवढं पुरलं. प्रबोधच्या घरी काहीतरी चाललंय, अशी कुजबुज सुरू झाली. त्याची बायको स्मिता मराठी शाळेत रविवारी शिकवायची, तिच्या वर्गातली मुलं कमी होत गेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावायचं सगळ्याच जणी विसरल्या. सुलेखाही विसरली, म्हणजे तिला आठवलं होतं, पण यादी कादंबरीने केली होती आणि तिने ती तशीच राहू दिली. नंतर एका सकाळी एमआरटीच्या फलाटावर स्मिता समोर आली. सुलेखा हसली. स्मिताने तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे चालत पुढच्या डब्याच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

पंचावन्न लाखांचं शहर, आणि आपण एका खेड्यात राहतोय, असं सुलेखाला त्या दिवशी वाटलं. तीस घरांचं खेडं, आणि त्याचा पार आपल्या मुलीच्या खोलीत.

मग कादंबरी आजारी पडली.

ती चौतीस वर्षांची होती. छातीत गाठ लागली, तपासणी झाली, कॅन्सर निघाला. लवकर सापडलाय, डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करू, पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. कादंबरी आणि सारंग गुरुवारपर्यंत थांबले नाहीत, मंगळवारीच आले. सुलेखा ऑफिसात होती. काय बोलणं झालं ते तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, शस्त्रक्रियेआधी आशीर्वाद घेऊन गेले असतील.

तीन आठवड्यांनी गुरुवारी कादंबरी नेहमीसारखी आली, फुलं निवडायला बसली. सुलेखाला आठवलं, शस्त्रक्रियेची तारीख तर उलटून गेली.

"तुझं ऑपरेशन झालं ना गं?"

"नाही, ताई. पुढे ढकललं." कादंबरी झेंडूचे देठ काढत होती. "दादांनी अकरा गुरुवार सांगितलेत. आज तिसरा. खरं सांगू, गाठ थोडी मऊ लागतेय आता."

लोक गेल्यावर सुलेखाने खोलीचं दार लावून घेतलं. निशिकांत चौरंगापुढे बसला होता.

"तू तिला अकरा गुरुवार थांबायला सांगितलंस?"

"मी तिला डॉक्टरकडे जाऊ नको म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "ती रडत होती. सारंग माझ्या पायाशी बसला होता. काहीतरी सांगणं भाग होतं. अकरा गुरुवार कर म्हटलं. शस्त्रक्रिया थांबव असं मी म्हटलं नाही."

"तिने थांबवलीय."

"मला कळलं गेल्या आठवड्यात."

"मग बोलला का नाहीस? उद्या फोन कर तिला. सांग, ताबडतोब जा."

निशिकांत तळहाताकडे बघत म्हणाला, "आणि मग ती विचारेल, आधी असं का सांगितलंत. महाराज चुकले का? मग प्रत्येकजण विचारेल. सारंगला काय सांगितलं ते, गुरुवारी येणाऱ्या अदितीच्या मुलीला काय सांगितलं ते. एक धागा ओढला की सगळं उसवेल, सुलेखा. मग मी काय करू? परत त्या बाकावर जाऊन बसू?"

"बस. मी बसेन तुझ्या शेजारी."

तो तिच्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणाला, "तुला खरं सांगतो. कधीकधी मला देवखोल दिसतं. वळणावर ओढा आहे. समाधीवर पत्रा आहे, एका कोपऱ्यात गंजलेला. मी ते ठरवून आणत नाही डोळ्यांसमोर. आपोआप येतं. मग मला वाटतं, कुणी सांगावं, असेलही."

सुलेखाला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की या खोलीत हे खोटं आहे हे माहीत असलेलं माणूस आता आपण एकटेच उरलोय.

शनिवारी ती तोआ पायोहला गेली नाही. समोरच्या ब्लॉकमध्ये सारंगच्या घरी गेली. नववा मजला, कॉरिडॉरमध्ये तुळशीची कुंडी, आत पंखा चालू. कादंबरीने चहा ठेवायला घेतला तर सुलेखा म्हणाली, "चहा नको. दोघं बसा इथे. मला सांगायचंय ते मध्ये न थांबवता ऐका."

आणि तिने सगळं सांगितलं. पादुका कुठून आणल्या. सात वर्षं त्या कशावर होत्या. निशिकांतला गाव नाही, देवखोल नावाचं काही नाही, महाराज नाहीत, समाधी नाही. सारंगचा पास सरकारने त्याच्या वेळेला दिला, तो तसाही येणार होता. ती म्हणाली, "मी गप्प बसले, ही माझी चूक आहे. तुम्हाला जो राग यायचा तो माझ्यावर येऊ दे. पण तू सोमवारी हॉस्पिटलात जा."

सारंगचा चेहरा पांढरा पडला होता. कादंबरी मात्र शांत होती. तिने सुलेखाचा हात हातात घेतला.

"ताई, तुम्हाला कुणी पाठवलंय माहितीये? महाराजांनीच. तिसऱ्या गुरुवारनंतर परीक्षा होते. माझ्या आजीचीही झाली होती सोळा सोमवारांच्या वेळी."

"अगं, मी सांगतेय ना, महाराज नाहीतच."

"दारात चपलांशेजारी सात वर्षं उभे राहिले," कादंबरी म्हणाली, "आणि तुम्ही ओळखलं नाहीत. याला काय म्हणायचं, ताई? त्यांनी स्वतःला किती लहान करून घेतलं."

सुलेखाने फोन काढला. त्यात प्रदर्शनातला फोटो होता, अश्लेषा पंधरा वर्षांची, हसणारी, आणि तिच्यामागे फळीवर ओळीने मांडलेल्या तशाच पादुका, चाळीस-पन्नास जोड तरी असतील. प्रत्येकाला दोऱ्याने किमतीची चिठ्ठी बांधलेली. कादंबरीने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, खूप वेळ पाहिला. सुलेखाला आशा वाटली.

"इतक्या जोडांमधून," कादंबरी म्हणाली, "तुमच्या हाताला हाच लागला."

सारंगने डोळे मिटले आणि हात जोडले. सुलेखाने त्याला विचारलं, "तुला तरी पटतंय का मी म्हणतेय ते?" तो म्हणाला, "ताई, माझ्या डोक्यात काहीच शिरत नाहीये. मला फक्त ती बरी व्हायला हवीये. तिला उगाच अस्वस्थ नका ना करू." आणि तो तिला दारापर्यंत सोडायला आला. तेही नम्रपणे.

लिफ्टपाशी सुलेखा उभी राहिली. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, निघून गेली. तिने खरं सांगून पाहिलं होतं. फोटो दाखवून पाहिला होता. खरं सांगायचं आहे, आज ना उद्या सांगू आणि यातून बाहेर पडू, या एका विचारावर ती दोन वर्षं तग धरून होती. आता सांगून झालं होतं, आणि काहीही झालं नव्हतं. तेही महाराजांनीच करवलं होतं.

रविवार गेला, सोमवार गेला. ऑफिसात तिच्याकडून दोनदा तीच ईमेल पाठवली गेली. बुधवारी तिने सुट्टी घेऊन एका डॉक्टर मैत्रिणीला, अरुणाला, गाठलं आणि विचारलं, अकरा आठवडे थांबलं तर काय होतं. अरुणाने सांगितलं. तिने ते गोड करून सांगितलं नाही.

गुरुवारी खोली भरली होती. आरती झाली, निशिकांत डोळे मिटून बसला, लोक एकेक करून पुढे सरकू लागले. सुलेखा नेहमी दाराशी असायची. त्या दिवशी ती माणसांमधून वाट काढत पुढे आली आणि चौरंगाच्या शेजारी बसली.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली.

निशिकांतने डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावरची भीती फक्त तिलाच दिसली. पुढच्या रांगेत कादंबरी होती, तिच्या चेहऱ्यावर कणव होती.

"आज पहाटे मला महाराज दिसले," सुलेखा म्हणाली.

तिला वाटलं होतं, आपला आवाज कापेल. कापला नाही. ऑफिसात मीटिंगमध्ये बोलावं तसा नीट निघाला.

"ओढ्याच्या वळणावर उभे होते. मागे समाधी, पत्र्याचा एक कोपरा गंजलेला. मला म्हणाले, अकरा गुरुवार मी माझ्यासाठी मागितले होते. ते मी मोजेन. त्या पोरीने माझ्यापाशी बसून काय मोजायचंय? डॉक्टरच्या हातात मी आधीच जाऊन बसलोय, आणि ही तिकडे येतच नाही. तिला म्हणावं, मला तिथे ताटकळत ठेवू नकोस."

निशिकांत तिच्याकडे बघत होता. ओढा आणि पत्रा तिने त्याच्याकडूनच घेतला होता, आणि तरी त्याच्या अंगावर काटा आलेला तिला दिसला.

कादंबरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. मग तिने खाली वाकून सुलेखाच्या पायांवर डोकं ठेवलं. सुलेखाने पाय मागे घेतले नाहीत. घेतले असते तर कदाचित कादंबरी थांबली असती, विचारात पडली असती. सोमवारी ती हॉस्पिटलात जायला हवी होती.

सोमवारी ती गेली. दहा दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. गाठ आधीपेक्षा वाढली होती, पण पसरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, अजून थांबला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं.

सुलेखाने त्या आठवड्यात अश्लेषाला सगळं सांगितलं. हॉकर सेंटरमध्ये, समोर नूडल्सचे बाऊल. अश्लेषाने काटा-चमचा खाली ठेवला.

"सो यू लाइड."

"हो."

"आणि तिने ऐकलं."

"हो. खरं सांगितलं ते ऐकलं नाही."

अश्लेषाने पाण्याचा घोट घेतला. मग मराठीत म्हणाली, "ओके. ती जिवंत आहे. आता तू ये माझ्याकडे. आता संपलं ना?"

सुलेखालाही तसंच वाटत होतं. पण केमोथेरपी सुरू व्हायची होती. पहिल्या वेळेच्या आदल्या दिवशी सारंगचा फोन आला. कादंबरी उठत नाही, जाणार नाही म्हणते, तुम्हाला काही दिसलं का ते विचारतेय. सुलेखा गेली. तिला काही दिसलेलं नव्हतं. तिने सांगितलं की दिसलं. दुसऱ्या वेळी कादंबरीचे केस गेले होते, उलट्यांनी ती सुकली होती, तेव्हा आणखी मोठं काहीतरी दिसावं लागलं. सुलेखा एमआरटीत उभ्या उभ्या ते जुळवायची. महाराज कुठे असतील, काय म्हणतील, मागच्या वेळी काय म्हणाले होते. तिच्या लक्षात आलं की हे काम जमतंय आपल्याला. निशिकांत फक्त दोन शब्द सांगायचा. ती चित्र उभं करायची.

आणि गुरुवारी लोक आता तिच्याकडे वळत होते. नंदा नावाच्या बाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, सुनेचं आणि माझं पटत नाही, काही दिसतं का बघा ना. सुबोधने मुलाची पत्रिका आणली. ती म्हणायची, मला तसं काही दिसत नाही. मग ते म्हणायचे, दिसेल तेव्हा सांगा, आम्हाला घाई नाही. आणि खरोखरच थांबायचे, आठवडेच्या आठवडे, तिच्या तोंडाकडे बघत. खोलीत तिच्यासाठी एक आसन मांडलं गेलं. कुणी मांडलं ते तिला कळलं नाही.

निशिकांत तिच्याशी पूर्वीपेक्षा हळुवारपणे वागू लागला होता. सकाळचा चहा तो करून द्यायचा. एकदा कप तिच्यापुढे ठेवताना म्हणाला, "मला एकट्याला फार जड जात होतं." त्याच्या आवाजात एवढं समाधान होतं की तिला तो कप उचलवेना. पण ऑफिसला उशीर होत होता. तिने चहा प्यायला आणि निघाली.

तिने मनाशी एक तारीख ठरवली होती. कादंबरीची शेवटची तपासणी झाली, ती बरी झाली, की तिला एकटीला गाठून पुन्हा सांगायचं. आता तिला जिवाची भीती नसेल, आता ती ऐकेल. मग त्याच संध्याकाळी एक बॅग भरून तोआ पायोहला जायचं. अश्लेषाने सोफा बेडसाठी चादरी आणून ठेवल्या होत्या.

तपासणीच्या निकालाच्या दिवशी सुलेखा कादंबरीबरोबर हॉस्पिटलात गेली. सारंगला ऑफिसातून निघता आलं नव्हतं. डॉक्टरांनी कागद समोर ठेवला, हसून म्हणाले, काही उरलेलं दिसत नाही. दोघी खाली कॅफेत येऊन बसल्या. कादंबरीच्या डोक्यावर बोटभर केस आले होते. ती कोपीचा, इथल्या दाट कॉफीचा, कप दोन्ही हातांत धरून बसली होती, कितीतरी महिन्यांनी तिच्या गालावर थोडा रंग होता.

"कादंबरी," सुलेखा म्हणाली. "मला तुझ्याशी बोलायचंय. मागे एकदा तुझ्या घरी येऊन बोलले होते, ते."

"मलाही बोलायचंय, ताई. आधी माझं ऐका." तिने पर्समधून औषधांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "या गोळ्या दिल्यात. रोज एक. पाच वर्षं."

"पाच वर्षं?"

"परत येऊ नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, यांनी त्रास होतो. अंग दुखतं, गरम वाफा येतात, मन उदास राहतं. खूप बायका मध्येच सोडून देतात म्हणे. तेव्हा सोडू नका." ती हसली. "मी त्यांना म्हटलं, मी नाही सोडणार. माझ्याकडे सांगणारं माणूस आहे. खरंच, ताई, एरवी मी नसत्या घेतल्या. गोळ्यांवर माझा विश्वास नाही. तुम्ही सांगाल तोवर घेईन."

कॅफेत गर्दी होती. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारा मलय गृहस्थ बायकोला केक भरवत होता. सुलेखाने पाकीट हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, परत खाली ठेवलं. तिने मनात हिशेब केला. पाच वर्षांनी ती छप्पन्न वर्षांची होईल. अश्लेषाचं कदाचित लग्न झालेलं असेल.

"तुम्ही काय म्हणत होतात?" कादंबरीने विचारलं.

"काही नाही," सुलेखा म्हणाली. "रोज घे. एकही दिवस चुकवू नकोस."

"महाराज म्हणाले?"

"हो."

"कधी?"

कादंबरी पुढे झुकली होती, डोळे तिच्यावर लावून. सुलेखाने कप बाजूला सारला.

"आज सकाळीच," ती म्हणाली, आणि काय दिसलं ते सांगायला लागली.